ग्वाल्हेरचा दगड परदेशी पाठवताय? माल कसा तपासायचा, पायरीपायरीने

लष्कर, मुरार, शिंदे की छावणी इथली बरीच मराठी मंडळी हल्ली दगडाच्या निर्यातीत उतरू पाहतात. त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. आयईसी (निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) कसा काढायचा, ग्राहक कुठून मिळतो, पैसे बुडणार तर नाहीत ना. याची उत्तरं देणारे सीए आणि कस्टम्स एजंट गावात आहेत. माल कसा तपासायचा हे मात्र धड कोणी सांगत नाही. खाणवाला म्हणतो, ‘भाईसाब, ए-वन माल है’. यार्डातला मुकादम म्हणतो, सगळं बघितलंय. आणि दोन महिन्यांनी तिकडून फोटो यायला लागतात.

मी या धंद्यात तपासनीस म्हणून शिरलो आणि आता स्वतःचा माल पाठवतो. खाली लिहिलंय ते मुख्यतः आपल्या भागातल्या वालुकाश्माबद्दल, म्हणजे बाजारात ‘ग्वाल्हेर मिंट’ म्हणून चालणाऱ्या फिकट दगडाबद्दल आहे, आणि तेही अंगणात, वाटेवर बसवायच्या लाद्यांच्या रूपात. ग्रॅनाइट किंवा संगमरवर करणाऱ्यांना पायऱ्या त्याच, दोष वेगळे.

माझं मत आधीच सांगतो: कंटेनर भरताना केलेली तपासणी ही तपासणीच नसते. तोवर दगड कापलेला असतो, पेटी ठोकलेली असते, जहाजाची तारीख ठरलेली असते, आणि अशा वेळी ‘हा नग बाद’ म्हणायची छाती कुणाची होत नाही. त्यामुळे सगळा जोर आधीच्या टप्प्यांवर द्या.

हाताशी काय लागेल

डिजिटल व्हर्नियर, स्टीलचा टेप, मोठा गुण्या, दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). छोटी हातोडी. पाण्याची फवारणीची बाटली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, ड्रॉपरच्या बाटलीत (हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरा). ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. लाकडातली ओल मोजायचं मीटर. खडू, कायम टिकणारा मार्कर, आणि तारीख उमटवणारा मोबाइल कॅमेरा. सगळं मिळून खर्च फार नाही. एका नाकारलेल्या पेटीपुढे तर काहीच नाही.

१. आपला दगड ओळखा

आपल्याकडचा वालुकाश्म विंध्य समूहातला, म्हणजे मध्य भारतातल्या फार जुन्या खडकांच्या गटातला. वाळूचे थर साचून, दाबले जाऊन झालेला, म्हणून तो थरांच्या रेषेवर सरळ फुटतो. याच गुणामुळे छन्नी-हातोडीने त्याच्या लाद्या काढता येतात, आणि दोषही याच गुणाच्या पोटात लपलेला असतो. थरांमध्ये चिकणमातीचा पातळ पापुद्रा असेल, तर पहिल्या दोन-चार हिवाळ्यांत वरचा पदर सुटतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उरवाई दरवाजाच्या बाजूने किल्ल्यावर चढा. तिथल्या जैन मूर्ती पंधराव्या शतकात टेकडीच्या अखंड दगडात कोरल्या आहेत. मूर्तीमागच्या कड्यात थर स्पष्ट दिसतात. कुठून पाणी झिरपतं, तिथे दगड कसा काळवंडतो आणि कुठे पदर सुटतो, हे तासभर बघितलंत तर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

मिंट दगडाचा रंग पांढुरका, त्यात हिरवट, पिवळट, कधी जांभळट तपकिरी झाक. त्यात लोह असतं. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे तीन ठिकाणी ती आडवी येणार आहे. काही नगांवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते आणि बाजारात त्याला ‘फॉसिल मिंट’ म्हणतात. ती नक्षी प्रत्यक्षात मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडची वाढ आहे, जीवाश्म नव्हे. ग्राहकाने ‘हे किती जुनं झाड?’ असं विचारलं तर खरं सांगा.

२. एक नमुना पाठवू नका, पट्टा पाठवा

माझ्या पाहण्यातले निम्म्याहून जास्त वाद रंगाचे. तडा, माप, जाडी यांत वाद कमी होतो कारण ते मोजता येतं. रंगाचं तसं नाही.

नवखा निर्यातदार काय करतो? यार्डातला सगळ्यात देखणा, एकसारखा पांढरा तुकडा निवडतो, चांगला घासतो आणि कुरिअर करतो. ग्राहक तो टेबलावर ठेवतो आणि मनात तसंच पाचशे चौरस मीटरचं अंगण बघतो. खाणीतून तसा माल दहात दोन नग निघतो. मग जे व्हायचं ते होतं.

त्याऐवजी असं करा. त्या खाणीच्या चालू थरातले निदान सहा-आठ तुकडे घ्या: सगळ्यात फिकट, सगळ्यात गडद, हिरवट झाक असलेला, तपकिरी शीर असलेला, काळी नक्षी असलेला, आणि मधले दोन. प्रत्येकाच्या मागे नंबर टाका. हा झाला रंगांचा पट्टा. त्याचे दोन संच करा. एक ग्राहकाला, एक तुमच्या कपाटात. दोन्हींचे कोरडे आणि ओले असे फोटो काढा, सावलीत, उन्हात नाही. ग्राहकाकडून लेखी घ्या की ४ नंबरसारखे नग चालतील पण एकूण मालाच्या इतक्या टक्क्यांपर्यंतच, आणि ६ नंबर अजिबात नको. त्याने सही केलेला कागद हा तुमच्या करारातला सगळ्यात मोलाचा कागद.

ओला फोटो का? ज्या देशात वर्षातले निम्मे दिवस अंगण भिजलेलं असतं, तिथे लोक दगड ओलाच बघतात. कोरडा मिंट आणि भिजलेला मिंट यांत इतका फरक पडतो की ओळखू येत नाही.

या पायरीवरचा एक सापळा: खाण बदलली, किंवा त्याच खाणीत खालचा थर लागला, की जुना पट्टा बाद. नवा करून पुन्हा मंजुरी घ्यायची. कंटाळा येतो, तरी करायचं.

३. मापं, जाडी, कडा: शब्दांत नको, आकड्यांत

ब्रिटनला जाणाऱ्या मिश्र पॅकमध्ये साधारण ९०० × ६००, ६०० × ६००, ६०० × २९० आणि २९० × २९० मिमी अशी मापं असतात. २९० का, ३०० का नाही? दोन लाद्यांमधला सांधा धरून हिशोब बसावा म्हणून. ऑर्डरमध्ये ३०० लिहिलं असेल तर ते सांध्यासकट की सांध्याशिवाय, हे विचारून घ्या. हा प्रश्न न विचारल्यामुळे अख्खी ऑर्डर पुन्हा कापायची वेळ येऊ शकते.

जाडी बहुतेक वेळा २२ मिमी कॅलिब्रेटेड. म्हणजे वरची बाजू नैसर्गिक फुटलेली ठेवून मागची बाजू यंत्राने घासून जाडी एकसारखी आणायची. किती फरक चालेल ते आकड्यात लिहा. कडा हाताने छन्नीने तोडलेल्या की कटरने कापलेल्या, तेही लिहा, कारण दोन्हींची सूट, म्हणजे चालणारा फरक, वेगळी असते.

युरोपातल्या खरेदीदाराने ‘ईएन १३४१’ म्हटलं तर घाबरू नका. बाहेरच्या फरसबंदीच्या नैसर्गिक दगडी लाद्यांचं ते युरोपीय मानक. त्यात लांबी-रुंदी, जाडी आणि कर्ण यांच्या सुटीचे वर्ग दिलेले आहेत. कुठला वर्ग हवा तेवढं त्याच्याकडून लिहून घ्या. भिंतीला लावायच्या लाद्यांना ईएन १४६९, घरातल्या फरशीला ईएन १२०५८. चुकीच्या मानकाचा अहवाल दाखवला तर खरेदीदाराच्या लगेच लक्षात येतं.

४. प्रयोगशाळा: एकदा नीट करा

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडेच जा, आणि तिची मान्यता नेमक्या त्याच चाचणीसाठी आहे का ते विचारा. आपल्याला जवळ पडणारं नाव म्हणजे जयपूरचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ स्टोन्स. नमुना पाठवण्याआधी तुकड्यांची मापं आणि संख्या त्यांच्याकडून लिहून घ्या. चाचणीगणिक ती बदलते.

युरोपसाठी लागणाऱ्या चाचण्या अशा: पाणी शोषण (ईएन १३७५५), वाकण्याची ताकद (ईएन १२३७२), गोठणं-वितळणं सोसणं (ईएन १२३७१), घसरण (ईएन १४२३१), झीज (ईएन १४१५७) आणि दगडाचं सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन (ईएन १२४०७). थंडीच्या देशात गोठण्याची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. दगडात शिरलेलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि आपला पापुद्र्याचा दगड तिथे उघडा पडतो. ब्रिटनमध्ये घसरणीसाठी ओल्या पृष्ठभागावर पेंडुलम चाचणीत ३६ किंवा अधिक आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी समजतात. नैसर्गिक फुटलेल्या पृष्ठभागाला अडचण येत नाही. घासून गुळगुळीत केलेल्याला येऊ शकते.

अमेरिकेचा ग्राहक एएसटीएम सी ६१६, म्हणजे तिकडचं वालुकाश्माचं मानक, विचारेल. त्यात साध्या वालुकाश्माला पाणी शोषणाची कमाल मर्यादा ८ टक्के, क्वार्ट्झिटिक वालुकाश्माला ३ टक्के आणि क्वार्ट्झाइटला १ टक्का. तुमच्या दगडाला विक्रेत्याने सवयीने ‘क्वार्ट्झाइट’ म्हटलं असेल तर या आकड्यांपुढे तो टिकतो का ते आधी बघा.

पाणी शोषणाचा कच्चा अंदाज यार्डातही येतो. तुकडा कोरडा होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा, वजन घ्या, दोन दिवस पाण्यात बुडवा, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वजन घ्या. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले शंभर. हा आकडा अहवालाच्या जागी चालत नाही. पण नवा ट्रक आला आणि नेहमीच्या दुप्पट पाणी पिऊ लागला, तर खाणीत काहीतरी बदललंय हे त्याच आठवड्यात कळतं.

युरोपियन युनियनमध्ये सीई खूण (माल तिथल्या नियमांत बसतो हे सांगणारी) आणि कामगिरीचं घोषणापत्र लागतं. फरसबंदीच्या लाद्यांना ते उत्पादक स्वतःच देतो, बाहेरची संस्था येऊन शिक्का मारत नाही. म्हणूनच त्यावरचा प्रत्येक आकडा अहवालातला हवा. दुसऱ्या कोणाच्या अहवालाची प्रत फिरवणारे लोक बाजारात भेटतील. तो उद्योग करू नका. सही तुमची असते.

५. ट्रक यार्डात उतरतो तेव्हा

खरी तपासणी इथे. घाटीगावकडून किंवा आणखी कुठून माल आला की तो लगेच थप्पीत मिसळू देऊ नका. प्रत्येक ट्रकला लॉट नंबर द्या: तारीख, खाण, शक्य असेल तर थर. रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास त्याच लॉटच्या फाइलला लावा. पुढे ग्राहकाच्या ऑडिटरने ‘हा दगड कुठल्या खाणीचा’ विचारलं तर हीच फाइल उत्तर देते.

मग तीन गोष्टी.

*आवाज.* लादी उभी धरून हातोडीने हलकेच मारा. धडधाकट दगड टणकन वाजतो. आत तडा किंवा सुटलेला पदर असेल तर आवाज बसका, भद्द येतो. जुना कारागीर हे न बघता सांगतो. त्याच्याबरोबर आठवडाभर उभं राहिलात की तुमचाही कान तयार होतो. कटर चालू असताना ही तपासणी करू नका, सकाळी कामाआधी करा.

*पाणी.* लादीवर पाणी फवारा आणि सुकताना बघत बसा. बाकीचा पृष्ठभाग सुकतो पण केसासारखी एक रेघ ओलीच राहते. तो तडा. कोरड्या लादीवर तो भिंगानेही दिसत नाही. पाण्यात आणखीही कळतं: मातीचे मऊ डाग गडद होतात, आणि कोणी भोकं राळ व दगडाच्या भुकटीने बुजवली असतील तर तेवढा ठिपका पाणी पीत नाही. भोक बुजवणं हा गुन्हा नाही, पण ग्राहकाला न सांगता बुजवणं हे भांडणाचं आमंत्रण आहे.

*आम्ल.* एका कोपऱ्यावर थेंबभर. जोरात फेस आला तर त्यात चुना आहे, मग तो दगड आपल्या नेहमीच्या लॉटचा नाही. हिरवट-पिवळट भागावर थेंब सुकल्यावर गंजासारखा डाग उमटला तर ते लोह बाहेर आलेलं. असे नग किती आहेत ते मोजा. याचा उपयोग शेवटच्या पायरीत आहे.

बाद नगांवर खडूने फुली मारून चालत नाही. खडू पुसला जातो. ते वेगळ्या जागी, शक्य तर कुंपणाच्या पलीकडे ठेवा. रात्रपाळीत पेटीत दोन नग कमी पडले की हात जवळच्या थप्पीकडे जातो.

६. कापणी आणि घासणी

इथे लहान लहान गोष्टी आहेत. दर तासाला यंत्रावरून आलेल्या काही लाद्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये व्हर्नियरने मोजा, वहीत लिहा. ब्लेड झिजलं की आकडे हळूहळू सरकतात आणि वहीत ते दिसतं. दोन्ही कर्ण मोजा. गुण्या लावूनही जे निसटतं ते कर्णात सापडतं. सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज घातला की लादी किती वाकलीय ते कळतं.

कटरचं पाणी फिरवून-फिरवून वापरतात. ते गंजलेल्या टाकीतून येत असेल किंवा यंत्राचं तेल त्यात ठिबकत असेल, तर फिकट दगड तो रंग धरतो. लाल दगडावर हे दिसलं नसतं. लोखंडाचा कीस लादीवर राहून भिजला तर दोन दिवसांत नारिंगी ठिपके. म्हणून कापून झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा. त्याच पाण्याने नाही.

७. वाळवणं, ज्याकडे कोणीच बघत नाही

रंगाखालोखाल तक्रारी इथून येतात. ओली लादी प्लॅस्टिकमध्ये बांधून कंटेनरमध्ये ठेवली की समुद्रावरच्या त्या आठवड्यांत ती वाफेत शिजते. उघडल्यावर काळसर-हिरवट डाग, बुरशीचा वास, आणि दोन लाद्यांच्या मधल्या फोमच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या.

आपल्या गावचं हवामान यात दोन्ही बाजूंनी खेळतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, लाद्या उभ्या करून ठेवल्या की दिवसात वाळतात. पावसाळ्यात शेडशिवाय पर्याय नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. फसवतो तो जानेवारी. धुकं दुपारपर्यंत हटत नाही, ऊन नावापुरतं, आणि लादी वरून कोरडी दिसते. ख्रिसमसनंतर खरेदीदार वसंतातल्या विक्रीसाठी घाई करत असतो, म्हणजे नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त माल बाहेर पडतो. वाळवायला जागा आणि दिवस दोन्ही ऑर्डर घेतानाच धरा.

वाळलं का हे ओळखायची सोपी युक्ती: एका लॉटमधल्या पाच लाद्यांचं वजन दोन दिवस लागोपाठ एकाच वेळी घ्या. उतरायचं थांबलं की झालं. हात लावून ठरवू नका. जानेवारीत सगळंच गार लागतं.

८. किती नग तपासायचे?

सगळे नग तपासता येत नाहीत आणि ‘वरवरचे दहा-बारा’ तपासून काही कळत नाही. खरेदीदार बहुधा आयएसओ २८५९-१ (नमुने काढून तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या तक्त्याने जातात, तुम्हीही तोच धरा. उदाहरणार्थ, १२०१ ते ३२०० नगांच्या लॉटला सामान्य पातळी दोनप्रमाणे १२५ नग काढायचे. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल, म्हणजे दोषांची चालणारी मर्यादा, २.५ धरलं तर सात दोषी नगांपर्यंत लॉट पास, आठवा सापडला की नापास. किरकोळ दोषांना ४.० धरलं तर दहापर्यंत पास.

पण मोठा दोष कोणता आणि किरकोळ कोणता, हे तक्ता सांगत नाही. ते तुम्ही आणि ग्राहकाने ठरवायचं. माझी वाटणी अशी: आरपार तडा, सुटणारा पदर, जाडी सुटीबाहेर, मंजूर पट्ट्याबाहेरचा रंग हे मोठे. वरच्या कडेचा छोटा टवका, कापणीची हलकी रेघ, मागच्या बाजूचा खड्डा हे किरकोळ. नग थप्पीच्या वरून, मधून आणि तळातून काढा. तळातले काढायला मजुरांची कुरकुर होते. चहा पाजा, पण तळातलेच काढा.

९. पेटी

लाकूड आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे उपचार केलेलंच हवं. उष्णता उपचारात लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं ठेवतात, आणि मान्यताप्राप्त केंद्र त्यावर आयपीपीसीची (त्याच नियमाची) खूण उमटवतं. खूण पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना दिसेल अशी असावी. साल चिकटलेली फळी नको. आणि मोठा सापळा हा: पेटी ठोकताना एक फळी कमी पडते, सुतार कोपऱ्यातली साधी फळी ठोकतो. त्या एका फळीपायी तिकडच्या बंदरात सगळा माल अडकू शकतो. यार्डात उपचार न केलेलं लाकूड ठेवूच नका.

पेंढा किंवा गवत भरणं बंद. कीड-रोगाचा प्रश्न येतोच, शिवाय भिजून डाग पडतो. लाद्या उभ्या ठेवा, मध्ये रंग न सोडणारा फोम. लोखंडी पट्टीऐवजी पीईटी (प्लॅस्टिकची) पट्टी वापरा, नाहीतर कडांना लादी लागेल तिथे गंज उतरतो. पेटीवर नंबर, लॉट, माप, नग, चौरस मीटर आणि वजन लिहा. लॉट नंबर प्रत्येक पेटीवर हवाच. एकाच अंगणासाठी दोन लॉटच्या पेट्या उघडल्या गेल्या की रंगाचा वाद ठरलेला. शक्य असेल तर खरेदीदाराला ‘तीन-चार पेट्यांतून मिसळून बसवा’ अशी सूचना पेटीवरच छापून पाठवा.

१०. वजन आणि कंटेनर

हिशोब डोक्यात ठेवा. घनता २.४ धरली तर २२ मिमी जाडीचा एक चौरस मीटर सुमारे ५३ किलो. पाचशे चौरस मीटर म्हणजे साडेसव्वीस टनांच्या घरात, वर पेट्यांचं वजन. वीस फुटी कंटेनर इथेच भरत आला. आता कॅलिब्रेशन ढिलं होऊन जाडी २५ मिमी गेली तर चौरस मीटरचं वजन ६० किलो. पाचशे मीटरला साडेतीन टनांहून जास्त वाढ. म्हणजे जाडीची चूक इथे येऊन वजनाची चूक बनते, आणि ऐनवेळी चार पेट्या खाली उतरवाव्या लागतात. अमेरिकेत रस्त्यावरच्या वजनमर्यादेमुळे कंटेनरमध्ये माल बराच कमी, साधारण वीस टनांच्या आसपास धरतात. ग्राहकाकडून मर्यादा लिहून घ्या.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. पेट्यांवर लिहिलेल्या वजनांची बेरीज आणि धर्मकाट्याचा आकडा जुळत नसेल तर कुठेतरी जाडी किंवा ओल लपलेली आहे. शोधा.

कंटेनरचं दार बंद करून आत उभं राहा. उजेडाची तिरीप दिसली तर भोक आहे, बदलून मागा. जमीन कोरडी आणि स्वच्छ. पेट्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना लाकडी टेकू (तेही उपचार केलेले). रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, दार बंद आणि सील नंबर असे फोटो काढा. माल मालनपूरच्या डेपोत भरायचा की यार्डातच भरून सील करायचा, हे कस्टम्स एजंटशी ठरवा. दगडासारख्या जड मालाला मी यार्डात भरणं पसंत करतो. पेटी जितक्या कमी वेळा उचलली जाईल तितके टवके कमी.

फाइलमध्ये हे कागद असू द्या:
- आयईसी, जीएसटी नोंदणी आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), बँकेचा एडी कोड (कस्टम्सकडे नोंदवायचा)
- इनव्हॉइस आणि पेटीवार पॅकिंग लिस्ट (लॉट नंबरांसह)
- शिपिंग बिल. फरसबंदीच्या लाद्या एचएस (कस्टम्सच्या वर्गवारीचा क्रमांक) ६८०१ मध्ये येतात, इतर घडवलेला दगड ६८०२ मध्ये, बिनघडीव वालुकाश्म २५१६ मध्ये
- मूळ देशाचा दाखला
- लाकडाच्या उपचाराचा दाखला
- व्हीजीएम आणि धर्मकाट्याची पावती
- प्रयोगशाळेचे अहवाल, लागत असेल तिथे कामगिरीचं घोषणापत्र
- सही केलेला रंगाचा पट्टा आणि दोषांची यादी
- रॉयल्टीच्या पावत्या व वाहतुकीचे पास

११. धूळ आणि माणसं

वालुकाश्म म्हणजे बव्हंशी क्वार्ट्झ, आणि त्याची कोरडी धूळ म्हणजे सिलिकोसिस. कायद्याने तो कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. कापणी ओलीच करा, कडा तोडणाऱ्यांना साधा रुमाल देऊन भागत नाही. युरोपचे खरेदीदार बालमजुरीबद्दल, मजुरीच्या नोंदींबद्दल आणि धुळीबद्दल विचारतात, ऑडिटर पाठवतात, आणि ब्रिटनमध्ये २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टमुळे मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठासाखळीबद्दल जाहीर निवेदन द्यावं लागतं. ऑडिटर येणार म्हणून एक दिवस मास्क वाटणारे यार्ड मी पाहिलेत. ऑडिटरनेही ते पाहिलेले असतात. खाणीपर्यंत स्वतः जा, तिथे कोण काम करतंय ते बघा, आणि पटलं नाही तर माल घेऊ नका.

१२. तक्रार आली तर

येणारच. पहिलं उत्तर ‘आमचा माल चांगला होता’ असं देऊ नका. चार गोष्टी मागा: पेटीचा फोटो लॉट नंबरासह, न बसवलेल्या लाद्यांचा फोटो, बसवलेल्या जागेचा फोटो, आणि कशाने धुतलं ते.

शेवटच्या दोनांत बरंच काही निघतं. लादीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गडद गोल दिसत असतील, तर लादी सिमेंटच्या पाच ठिपक्यांवर टेकवलीय. पूर्ण थरावर बसवायला हवी होती. फिकट दगडातून खालचा ओलावा वर दिसतो. तो दोष बसवण्याचा. सगळीकडे गंजाचा नारिंगी रंग चढला असेल, तर बहुधा सिमेंटचे डाग काढायला आम्लाचं क्लीनर वापरलंय आणि त्याने दगडातलं लोह बाहेर ओढलं. म्हणून ‘आम्ल वापरू नये, पूर्ण थरावर बसवावे’ असा कागद प्रत्येक पेटीत आधीच टाका, ग्राहकाच्या भाषेत. पांढरी पूड वर आली असेल तर ती बहुतेक वेळा खालच्या सिमेंटमधली क्षारं. काही महिन्यांत धुऊन जातात. हिरवं शेवाळ सावलीतल्या ओल्या अंगणात फिकट दगडावर येतंच, आणि हे विकतानाच सांगायला हवं.

पदर सुटलेला, जाडी सुटीबाहेर, पट्ट्याबाहेरचा रंग असं काही निघालं तर ते आपलं. प्रत्येक लॉटमधले चार-पाच नग राखून ठेवले असतील तर त्याच दिवशी त्यावर पाणी मारून फोटो पाठवता येतो, आणि कपाटातल्या सही केलेल्या पट्ट्याशेजारी ठेवूनही. खरेदीदाराला उत्तर लवकर मिळालं की बोलणी रकमेवर येतात, विश्वासावर घसरत नाहीत. बदली नग पुढच्या कंटेनरमधून पाठवायचे ठरले, तर ते वेगळ्या पेटीत, वेगळ्या खुणेने पाठवा. इनव्हॉइसवर त्यांची किंमत ‘फक्त कस्टम्सकरिता’ म्हणून दाखवा. फुकट द्यायचे म्हणून शून्य लिहिलंत तर पेटी तिकडे अडकते.